नाल्यातील गाळ : कचरा की कच्चा माल?

पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात नालेसफाईची लगबग सुरू होते. उपसलेला गाळ सुकण्यासाठी काठावरच टाकला जातो. तो उचलण्यात दिरंगाई झाली, तर पहिल्याच जोरदार सरीबरोबर पुन्हा नाल्यात उतरतो. उचलला, तर कचराभूमीवरचा भार वाढतो. तुंबलेल्या पाणवाटा किती महागात पडतात, हे २६ जुलै २००५ च्या महापुराने या पट्ट्याला दाखवून दिले आहे. मग या गाळाचे करायचे काय?

गाळ म्हणजे निव्वळ चिखल नव्हे. वाळू, चिकणमाती, कुजलेले सेंद्रिय द्रव्य आणि प्लॅस्टिक यांची ती सरमिसळ असते. चाळून आणि धुऊन हे घटक वेगळे करता येतात. वाळू पेव्हर ब्लॉकसाठी किंवा रस्त्याच्या भरावासाठी उपयोगी पडते. मात्र तिच्यात सेंद्रिय अंश राहिल्यास सिमेंट घट्ट होण्यास विलंब लागतो आणि ताकद घटते. बारीक माती विटांमध्ये मिसळता येते. आपल्याकडील काळी माती सुकताना आकसते व विटेला तडे जातात. म्हणून तिच्यात राख मिसळावी लागते. जर्मनीतील हँबर्ग बंदरात १९९३ पासून गाळातील वाळू यंत्राने वेगळी केली जाते.

येथील खरी मेख मात्र वेगळीच आहे. अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर जिच्या काठी उभे आहे, ती वालधुनी नदी औद्योगिक सांडपाण्याने ग्रासलेली आहे. २०१४ च्या अखेरीस या नदीत सोडलेल्या रसायनांतून निघालेल्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले होते. सांडपाण्यातील जड धातू गाळाच्या बारीक कणांनाच अधिक चिकटतात. म्हणजे विटेसाठी हवी असलेली मातीच सर्वाधिक दूषित असण्याचा धोका आहे. भट्टीत पारा वाफ होऊन हवेत मिसळतो, तर क्रोमियमचे अधिक विषारी रूपात परिवर्तन होऊ शकते.

त्यामुळे सरसकट पुनर्वापर घातक ठरेल. कारखान्यांचे पाणी वाहून नेणारे नाले आणि केवळ निवासी भागांतील पर्जन्यनाले यांचा गाळ प्रथमपासून वेगळा ठेवायला हवा. प्रत्येक नाल्यातील गाळाची, तसेच त्यापासून बनलेल्या ब्लॉकमधून पाण्यात काय झिरपते याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. सुरुवात घरांच्या भिंतींऐवजी पदपथांपासून करणे शहाणपणाचे. तपासणीविना वापर झाला, तर नाल्यातील विष आपण घरात आणून ठेवू.