पाटी एक, धनी दोन

नवा ट्रक घेणाऱ्या माणसाच्या हाती किल्ल्यांच्या आधी कागदांचे जे एक जाड बाड पडते, त्यात नमुना २१ आणि नमुना २२ असे दोन साधेसुधे कागद असतात, आणि पासिंग करून देणाऱ्या एजंटाखेरीज त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एकावर विकणाऱ्याची सही असते: अमुक चासी, अमुक इंजिन, अमुक इसमास विकले. दुसऱ्यावर उत्पादकाची असते: सदर वाहन कायद्याने घातलेल्या धुराच्या व सुरक्षिततेच्या मानकांस अनुसरून आहे. गाडी नगरची एम.एच. १६ असो की श्रीरामपूरची एम.एच. १७, हे दोन्ही कागद एकाच टाचणीत बसतात, शोरूमवर पाटी एकाच नावाची असते, पेढे वाटणारा मुलगाही त्याच नावाचा सदरा घालून उभा असतो. तेव्हा हार-नारळ घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने आपली सोयरीक एकाच घराशी झाली असे मानले, तर त्यात त्याचा दोष नाही. सोयरीक दोन घरांशी झाली आहे, आणि त्या दोन घरांत आपापसांत हिशेबाची घासाघीस चालू असते, हे त्याला पहिला बिघाड होईपर्यंत कळत नाही.

माझे एक मावसबंधू नेवासे तालुक्यात राहतात. वयाने थोर असल्यामुळे मी त्यांना दादा म्हणतो. विहिरीखालची थोडी जमीन, तिच्यावर घर चालेना, म्हणून त्यांनी काही वर्षांपूर्वी कर्ज काढून दहा टायरांचा नवा ट्रक घेतला. हंगामात कारखान्याला ऊस घालावयाचा आणि पट्टा पडला की घोडेगावच्या बाजारातला कांदा भरावयाचा. स्टिअरिंगवर स्वतः, जोडीला थोरला मुलगा, असा त्यांचा बेत. चौथ्या महिन्यात इमामपूरच्या घाटात भरल्या गाडीने दम टाकला आणि डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला. गाडी नगरला वर्कशॉपमध्ये नेली. दोन दिवसांनी ती धुऊन-पुसून परत मिळाली, आणि आठव्या दिवशी त्याच चढावर तोच दिवा पुन्हा लागला. असे पाच वेळा झाले. पाचही जॉब कार्डे मी पाहिली आहेत. दोनांवर ‘सॉफ्टवेअर अद्ययावत केले’ आणि तीनांवर ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा आहे. कंपनी कोणती आणि वर्कशॉप कोणाचे, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ही कैफियत एका पाटीची नव्हे.

दादांच्या वडिलांच्या पिढीतल्या ट्रकवाल्यांना हा अनुभव आला नसता. त्यांचे अनुभव वाईट असतील, पण ते निराळ्या जातीचे होते. फार्गो आणि बेडफर्डच्या त्या जमान्यात, आणि १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रक बांधावयास घेतल्यानंतरच्या ‘मर्सिडीज’ गाड्यांच्या काळातही, नोझल मारू लागली, पाटा तुटला, क्राऊन वाजू लागला, तर मिस्त्री गाडीखाली गोणपाट अंथरून निजे आणि मालक उकिडवा बसून प्रत्येक नट निघताना पाहत असे. मिस्त्री हरिश्चंद्राचे अवतार होते असे मुळीच नाही. जुने बेअरिंग घासून-पुसून नवे म्हणून बसवण्याची विद्या त्यांना उत्तम अवगत होती. परंतु ती लबाडी डोळ्यांच्या टप्प्यातली होती, आणि काढलेला भाग हातात घेऊन मालकाला मिस्त्रीशी भांडता येत असे. आज भांडण ज्या वस्तूवरून होते ती वस्तू मालकाला दिसतच नाही.

याचे कारण समजून घ्यावयाचे तर धुराची वाट पाहिली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ ही मानके लागू झाली, आणि ती पाळण्यासाठी ट्रकच्या इंजिनामागे एक लहानसा रासायनिक कारखानाच जोडावा लागला. डिझेल जळून जी काजळी निघते ती एका गाळणीत अडकवली जाते; पुढे नायट्रोजनच्या विषारी वायूंवर, ड्रायव्हर ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात त्या, साडेबत्तीस टक्के युरिया असलेल्या द्रावणाचा फवारा मारून त्यांचे निरुपद्रवी वायूत आणि वाफेत रूपांतर केले जाते. या सगळ्यावर सेन्सरांची नजर आणि सेन्सरांवर संगणकाचा अंमल. संगणकाला काही वावगे आढळले की तो प्रथम दिवा लावतो, मग इंजिनाची ताकद कापतो, आणि हे त्याने का केले ते कंपनीच्या स्कॅनरखेरीज कोणास सहसा सांगत नाही. केडगावचा जुना मिस्त्री येथे हात जोडून मोकळा होतो.

आता मौज अशी की, गाळणीत साठलेली काजळी आपोआप जळून जावी अशी योजना असते खरी, पण त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापतो गाडी मोठ्या रस्त्यावर एका वेगाने काही वेळ पळाली म्हणजे. आमच्या जिल्ह्यातल्या उसाच्या गाडीचे जिणे याच्या नेमके उलट. फडातून पाणंदीने गोगलगाईच्या चालीने बाहेर निघायचे, दहा-पंधरा किलोमीटर जायचे, आणि कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र रांगेत इंजिन चालू-बंद करीत एकेक गाडी पुढे सरकायचे. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हापासून या जिल्ह्यात ऊस असाच वाहिला जातो आहे आणि यापुढेही तसाच वाहिला जाईल. वर्कशॉपचे म्हणणे असे की गाडीत दोष नाही, दोष चालवण्याच्या पद्धतीत आहे. हे म्हणणे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने खोटे असेलच असे नाही. माझा आक्षेप इतकाच की, गाडी विकताना त्याच आवारात उसाच्या फेऱ्यांचा हिशेब कागदावर मांडून हप्ता कसा फिटेल हे ज्याने समजावून दिले, त्याने ही गोष्ट त्या दिवशी उच्चारली नव्हती.

आणि वर्कशॉपही सर्वस्वी स्वतंत्र नसते, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. वॉरंटीतल्या कामाचे पैसे विक्रेत्याला गिऱ्हाइकाकडून नव्हे, कंपनीकडून मिळावयाचे असतात. काढलेला भाग जपून ठेवा, मागितला की परत पाठवा, दावा दाखल करा, मंजुरीची वाट पाहा. आणि दावा नामंजूर झाला की भागाची किंमत आणि मजुरी विक्रेत्याच्या बोकांडी. म्हणून महागडा भाग बदलण्याऐवजी दिवा विझवून गाडी दाराबाहेर काढणे हे त्याला सोयीचे वाटते. ‘वरून अप्रूव्हल आलं नाही’ हे काउंटरवरच्या मुलाचे वाक्य पुष्कळदा अक्षरशः खरे असते.

यात नगरकराने मनात हसावे अशीही एक गोष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या कलमाप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना विकण्यापूर्वी ज्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांच्या नामावळीत आमच्या नगरचीच, संरक्षण खात्याची व्ही.आर.डी.ई. ही संस्था आहे. म्हणजे ज्या शहराच्या एका टोकाला वाहनांचे नमुने उत्तीर्ण होतात, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला दादा जॉब कार्ड हातात घेऊन बसलेले असतात. यात विसंगती मात्र नाही. तपासला जातो तो नमुना. तुमच्या-आमच्या वाट्याला येते ती त्याची प्रत, आणि प्रतीत चूक राहिली तर नमुन्याचा दाखला तिच्याविषयी काहीही बोलत नाही.

दादांनी कायद्याचे दार ठोठावायचे म्हटले, तर उंबऱ्यावरच त्यांना विचारले जाईल की तुम्ही ग्राहक आहात काय. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानेही, व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्यास ग्राहक म्हणून मानलेले नाही; अपवाद केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी ती वापरणाऱ्याचा. या अपवादाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात आखली. वाद होता उशिरा आलेल्या आणि सदोष ठरवल्या गेलेल्या एका यंत्राचा, आणि तो तक्रारदार हरला. पण निकाल समजावताना न्यायालयाने उदाहरण घेतले ते ट्रकचे. भाड्याने माल वाहण्यासाठी ट्रक घेऊन जो स्वतः तो चालवतो तो ग्राहक. मदतीला एक-दोन माणसे घेतल्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. परंतु वाहन सर्वस्वी दुसऱ्याकडूनच चालवून घेणारा या व्याख्येत बसत नाही. म्हणजे दादा बसतात, आणि त्यांच्या शेजारचा, पगारी ड्रायव्हर ठेवून घरी बसणारा मालक बसत नाही, जरी दोघांच्या गाड्या एकाच दिवशी, एकाच शोरूममधून निघाल्या असल्या तरी. गाडी उभी राहिल्यावर दोघांचे नुकसान सारखेच, हे कायद्याच्या काट्यावर येत नाही.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. या बाबतीत शेजारच्या गोव्यातला एक खटला वाचण्याजोगा आहे. तेथील एका गिऱ्हाइकाने २०११ ची म्हणून मोटार घेतली आणि त्याच्या पदरी पडली २००९ साली बांधलेली, आधी वापरलेली गाडी. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागले, परंतु टाटा मोटर्सच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पादकास मोकळे केले. उत्पादक आणि विक्रेता यांचा संबंध धनी आणि गुमास्ता असा नसून दोन धन्यांचा आहे; तेव्हा विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकास माहिती होती हे सिद्ध झाल्यावाचून त्याच्यावर दायित्व येत नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. नमुना २१ आणि नमुना २२ वरच्या सह्या वेगळ्या का, याचे उत्तर येथे मिळते. त्याचा व्यावहारिक अर्थ इतका की, तक्रार करताना दोघांनाही सामनेवाले करावे आणि कोणाचे काय चुकले, उत्पादनातला दोष की दुरुस्तीतली हयगय, हे निरनिराळे मांडावे. नव्या कायद्यात उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांची दायित्वे वेगवेगळ्या कलमांत सांगितली आहेत.

बाकी व्यवस्था गैरसोयीची नाही. वस्तूची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, २० ते ५० लाखांच्या वस्तूस फी १००० रुपये, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. अर्ज लिहिण्याआधी विचारपूस करावयाची तर १९१५ हा राष्ट्रीय दूरध्वनी आहे.

अडचण पुराव्यात आहे, आणि तेथेच पुष्कळ चांगल्या तक्रारी गारद होतात. दोष नुसता पाहून ठरत नसेल तर आयोग तज्ज्ञाची किंवा प्रयोगशाळेची तपासणी मागू शकतो, आणि तिचा खर्च प्रथम तक्रारदारास भरावा लागू शकतो. शिवाय दोष सिद्ध झाला म्हणजे नवी गाडी मिळते, हीही भाबडी समजूत. मारुती उद्योगाच्या २००६ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीचा करार सदोष भाग दुरुस्त करण्याचा किंवा बदलण्याचा असेल, तर अख्खी मोटार बदलून देण्याचा हुकूम टिकत नाही. या सगळ्यात ट्रकवाल्याची कोंडी अशी की गाडी उभी ठेवावी तर फायनान्सवाला उभा राहतो, आणि हप्त्यासाठी कुंथत-कुंथत चालवावी तर प्रतिपक्षाचा वकील किलोमीटरचा आकडा दाखवून विचारतो की इतकी धावली ती गाडी सदोष कशी.

म्हणून सारा भार येऊन पडतो तो जॉब कार्डावर. १८७५ च्या उन्हाळ्यात सुप्यापासून पेटलेले दंगे आमच्या पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले, तेव्हा कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर ओढून जाळली, कारण कागद म्हणजे पलीकडच्याचे हत्यार हे ते अनुभवाने शिकले होते. त्यांच्या पणतवंडांवर आता कागद जपण्याची पाळी आली आहे, आणि कागदावर काय लिहायचे ते मात्र अजूनही पलीकडचाच ठरवतो.

सहाव्या खेपेस मी दादांबरोबर गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा अदबशीर होता.

“काका, तक्रार काय लिहू? जनरल चेकअप टाकतो.”

“जनरल नको. मी सांगतो ते लिही.”

“सिस्टिममध्ये तेवढंच येतं, काका.”

“मग कार्डाच्या खाली हातानं लिही, बाळा.”

आणि दादांनी, शाळेत शुद्धलेखन घालावे तसे थांबत-थांबत, तारीख, किलोमीटरचा आकडा, इमामपूरचा घाट, गाडी भरलेली, गिअर तिसरा, दिवा पिवळा, याआधी पाच वेळा आणली, असे सर्व सांगितले. मुलाने ते लिहिले, थोडे घुटमळून सहीही केली. दादांनी शिक्का मागितला. शिक्का मॅनेजरच्या खणात होता आणि मॅनेजर जेवायला गेले होते.

“किती वेळ लागंल?”

“सांगता येत नाही, काका.”

दादा पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर जाऊन बसले.