सलाईन अर्ध्या तासाचं, लक्ष पंधरा दिवसांचं

पहाटे 4.45
नालवाडी. ताईंच्या घरात पोळ्या सुरू आहेत. दोन डबे भरायचे, एक मुलाचा, एक स्वतःचा. ताई नागपूरच्या एका कॅन्सर रुग्णालयात डे-केअर वॉर्डात सिस्टर आहेत. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून ताईच. गाव वर्ध्याला अगदी चिकटलेलं. 1932 मध्ये विनोबा इथे राहायला आले. जवळच दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केलं. ताईंची पहिली नोकरीही कुष्ठरोगाच्याच कामातली. तिथली शिकवण आजच्या कामालाही पुरते.

5.30
शेअर रिक्षा, वीस रुपये. स्टेशनवर चहा, दहा रुपये. गाडीचा महिन्याचा पास पर्समध्ये. पगार बावीस हजार, कंत्राटी. गाडी सिंदीला साईडिंगला पडली की ताई घड्याळ बघतात. उशीर झाला तर अर्धा दिवस कापला जातो.

बुटीबोरी येईपर्यंत वही उघडते. शंभर पानी, रेघांची. प्रत्येक रुग्णाला एक पान. वजन, डोसची तारीख, आणि डावीकडच्या समासात लाल पेनाने: खाज, संडास, खोकला, थकवा. आजच्या पानांवर त्या पुन्हा एकदा नजर फिरवतात.

8.15
वॉर्डात बारा खुर्च्या. केमोचे रुग्ण जास्त, इम्युनोथेरपीचे आज चार. हे चारही मुद्दाम एकाच दिवशी बोलावलेले. कुपी एकदा उघडली की उरलेलं औषध ठेवता येत नाही, आणि ते फेकणं कुणालाच परवडत नाही. निवोलुमॅब ह्या इम्युनोथेरपीच्या औषधाची 40 मिलिग्रॅमची एक कुपी तोंडाच्या कॅन्सरच्या दोघांत वाटली जाईल, प्रत्येकी 20. इतक्या कमी डोसचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलने केला. 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन गोळ्यांच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅमची जोड दिली, तर वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. खर्रा खाणाऱ्या विदर्भात ह्या आकड्याची किंमत काय, ते वॉर्डातल्या खुर्च्यांकडे बघून कळतं. कातडीच्या कॅन्सरला मात्र हा हिशेब लावत नाहीत. तिथे डोस पूर्ण.

9.00
मावशी आल्या. आर्वी तालुक्यातल्या, छप्पन्न वर्षांच्या, निंदणाला जाणाऱ्या. टाचेवर काळा डाग होता. काटा मोडला असेल, कुरूप असेल म्हणून ब्लेडने खरवडत राहिल्या. त्यात दोन वर्षं गेली. निघाला मेलॅनोमा, कातडीचा कॅन्सर. आपल्याकडे हा आजार कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. ऊन न लागणाऱ्या जागी. गायक बॉब मार्ली 1981 मध्ये ह्यानेच गेला, सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून. मावशींची टाच कापली, जांघेतली गाठ काढली, तरी फुप्फुसात ठिपके दिसले.

सोबत मुलगा. त्याची आजची मजुरी बुडाली, मावशींची अडीचशे कधीचीच बंद. दोघांचं बसभाडं वेगळं. रक्ताच्या तपासण्या दोन हजारांच्या आसपास. औषधाचा डोस लाखाच्या घरात. तो कंपनीच्या मदत योजनेतून आणि एका ट्रस्टकडून निभतो आहे. बस, तपासणी, जेवण ह्यांना कुठलीच योजना नाही.

9.20
आधी वजन. 47 किलो. मागच्या वेळी साडेसत्तेचाळीस. मग ताप, बीपी, नाडी. बोटाला ऑक्सिमीटर लावून ताई मावशींना कॉरिडॉरमध्ये चालवतात. जाऊन येऊन, जाऊन येऊन. बसल्या जागी 97, चालल्यावर 96. ताई आकडा लिहितात. बसून छान दिसणारा माणूस चालताना 90 वर आला, तर डोस थांबतो आणि सीटी स्कॅन होतो. फुप्फुसाला आलेली सूज अशीच लपून बसते.

मग प्रश्न.

“संडासला कितीदा जाता?”

“रोजच्यासारखंच जी.”

“म्हणजे कितीदा? आकडा सांगा.”

“दोनदा.”

“अंगाला खाज? डोकं दुखतं? दम लागतो? लई थकल्यासारखं वाटते?”

“थकवा तं आहेच.”

“काढा घेतला काय कोणता?”

मावशी मुलाकडे बघतात. शेजारणीने गुळवेल दिली होती, पाच दिवस घेतली. ताई रागावत नाहीत. लिहून घेतात, डॉक्टरांना सांगतात. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने आधीच मोकळी सोडली आहे, त्याने आणखी काही घालू नये, हे ताईंचं ठाम मत. माझंही.

10.30
रिपोर्ट आले. यकृत ठीक, साखर ठीक, क्रिएटिनिन ठीक. टीएसएच तिसऱ्या डोसनंतर 38 झाला होता, आता उतरला. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आता कायमची. त्यासाठी इम्युनोथेरपी थांबवली नाही. थायरॉइड गेलं तर गोळी आहे. पण हृदयाच्या स्नायूला सूज आली तर हे औषध त्या माणसाला पुन्हा कधीच देत नाहीत.

मुलगा विचारतो, “आजार बाहेर काढणारं औषध आणि दुखवते आतल्या अवयवाले, हे काहून?”

ताई त्याच्याच शेतातलं सांगतात. “कॅन्सर आपल्या शिपाई पेशींचा कासरा ओढून धरतो. हे औषध कासरा ढिला करते. बैल जोरात चालतो. पण बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरातही शिरतो. आतड्यात, फुप्फुसात, यकृतात. म्हणून लक्ष ठेवायचं.”

हा कासरा शोधणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो ह्यांना 2018 चं नोबेल मिळालं. असं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, 2011 मध्ये मेलॅनोमासाठीच मंजूर झालं. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब जोडीने दिलेल्यांपैकी 43 टक्के लोक दहा वर्षांनीही जिवंत होते. पूर्वी पसरलेला मेलॅनोमा म्हणजे बहुतेकांचं वर्षही निघत नसे. पण त्याच जोडीत निम्म्याहून जास्त लोकांना गंभीर त्रास झाला. मावशींना म्हणून एकच औषध, निवोलुमॅब. तळपायाचा मेलॅनोमा ह्या औषधांना कमी दाद देतो, हेही डॉक्टरांनी मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं आहे.

11.00
किलोला तीन मिलिग्रॅम. 141 होतात, 140 देतात. एक शंभरची कुपी, एक चाळीसची. फ्रिज 2 ते 8 अंशांचा. कुपी हलवायची नाही, फक्त हळू तिरकी करायची. हलवली की प्रथिन बिघडतं. 14 मिलिलिटर औषध 100 च्या सलाईनमध्ये. नळीला बारीक फिल्टर. हातावर निळा कॅन्युला, 22 नंबरचा. मावशींची शीर दुसऱ्यांदा सापडते.

11.25 ला सुरू, 11.55 ला संपलं. ताई मधूनमधून नाडी बघतात. थंडी वाजते का, छाती भरते का, विचारतात. असं क्वचित होतं. मावशी झोपून गेल्या. धोक्याचा काळ हा अर्धा तास नाही. तो आर्वीच्या घरी सुरू होतो.

दुपारी 1.10
डबा अर्धा खाऊन झाला आणि एक गृहस्थ दारात. हे ह्या महिन्यातलं अवघड पान. यकृताला सूज आली होती, डोस थांबवून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. एन्झाइम उतरले. चेहरा सुजला, झोप उडाली, म्हणून ह्यांनी गोळी आपल्या मनाने बंद केली. आजचा रिपोर्ट पुन्हा चढलेला.

ताई त्यांना खुर्चीत बसवतात आणि कागदावर जिना काढतात. प्रत्येक पायरीवर तारीख आणि गोळ्यांचा आकडा. कुष्ठरोगाच्या कामात त्यांनी असे जिने कितीतरी काढलेत. तिथेही काही रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उठते. त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. तेव्हा ह्याच गोळीची 40 मिलिग्रॅमपासून सुरुवात, दोन-दोन आठवड्यांनी कमी, बारा आठवडे. मध्येच सोडलं की बोटं वाकडी व्हायची. इथे डोस वजनावर ठरतो, कमी करायला चार ते सहा आठवडे तरी लागतात. पण चूक तीच होते आणि तिची कारणंही तीच.

“तोंड सुजलं ते उतरते,” ताई म्हणतात. “यकृत गेलं तं परत येत नाही. गोळी जेवणानंतर. साखर तपासा. आणि बंद करायची ती आम्ही करू.”

प्रेडनिसोलोन स्वस्त गोळी आहे. लाखाच्या औषधाने बिघडवलेलं ती सावरते, फक्त वेळेवर सुरू व्हायला हवी आणि सावकाश सुटायला हवी. ती सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ-बी तपासलेली असावी लागते. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

3.30
मावशी निघाल्या. ताई त्यांच्या हातात एक कार्ड देतात, लॅमिनेट केलेलं. लॅमिनेशनचे वीस रुपये ताईंनीच भरलेत. त्यावर मराठीत: ‘मला इम्युनोथेरपी चालू आहे. हगवण, दम, कावीळ, तीव्र डोकेदुखी, चक्कर असल्यास उपचाराआधी ह्या नंबरवर फोन करा.’ गावच्या डॉक्टरला हे औषध केमो वाटतं. तो अँटिबायोटिक देतो आणि आठ दिवस जातात. ताईंच्या मते कार्डाचं काम हे आठ दिवस वाचवायचं आहे. औषध बंद झाल्यावरही कार्ड टाकायचं नाही. त्रास काही महिन्यांनीही येतो.

6.20
अजनीहून परतीची गाडी. बसायला जागा बुटीबोरीनंतर मिळते. ताई वहीत आजची पानं पुरी करतात.

रात्री 9.05
नालवाडी. भांडी व्हायची आहेत. फोन वाजतो. वणीकडचा एक मुलगा, वडिलांचा दुसरा डोस होऊन तीन आठवडे झालेत.

“ताई, बाबाले जुलाब होऊन राहिले.”

“कितीदा?”

“आज पाच-सहादा.”

“रक्त? आव? ताप? पोट दुखते?”

“रक्त नाही. पोटात मुरडा येते. मेडिकलवाल्यानं थांबवायची गोळी देली, देऊ काय?”

“देऊ नका. थांबा, मी डॉक्टरांशी बोलते.”

सात मिनिटांनी त्या परत फोन लावतात. मीठ-साखरेचं पाणी देत राहा. दर वेळेची नोंद कागदावर लिहा. रक्त दिसलं, चक्कर आली, लघवी कमी झाली, तर आत्ताच जवळच्या रुग्णालयात न्या आणि कार्ड दाखवा. नाहीतर पहाटेची पहिली गाडी. “पुढचा डोस आता थांबवला आहे. तपासण्या उद्याच करू, बाबांना भरती करावं लागेल असं धरून या. दोन दिवसांचे कपडे घ्या, आधीचे सगळे रिपोर्ट घ्या, आणि ओपीडीच्या लायनीत उभे राहू नका. सरळ वॉर्डात या.”