आधी पुसट, मग स्पष्ट!

ठिपक्यांची रांगोळी काढताना आई एक कोपरा पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळते का? छे! आधी सगळे ठिपके मांडते. रांगोळी केवढी होणार, ते लगेच कळतं. संगणकाच्या पडद्यावरचं चित्रही असंच उमटू शकतं बरं का!

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचं. सेकंदाला २८,८०० बिट आणणाऱ्या मोडेमलाही १०० किलोबाइटचं चित्र आणायला जवळजवळ अर्धा मिनिट लागे. चित्र वरून खाली येऊ लागलं, की आधी वाघाचे नुसते कान दिसायचे. फोनचं बिल मात्र वाढत राहायचं!

१९८७ साली आलेल्या 'जिफ' पद्धतीत यावर छान युक्ती होती. समजा, चित्रात ४०० ओळी आहेत. पहिल्या फेरीत पहिली, नववी, सतरावी अशा ५० ओळी येतात. मधली जागा त्याच ओळी ताणून भरली, की पुसट वाघ दिसतो. दुसऱ्या फेरीत आणखी ५०, तिसऱ्या फेरीत १०० आणि चौथ्या फेरीत उरलेल्या २०० ओळी येतात. चित्र नकोसं वाटलं, तर पहिल्याच फेरीला थांबवा. वेळ वाचला, पैसेही वाचले!

तार तीच, वेगही तोच. बदलला तो फक्त क्रम.

करून पाहा : चौकटीच्या वहीत आठ ओळींचं चित्र ठरवा. आधी १ली ओळ रंगवा, मग ५वी, मग ३री आणि ७वी, शेवटी उरलेल्या. धाकट्या भावंडाला ते कितव्या फेरीत ओळखता येतं?