कोरियन घरातली नातीगोती

कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलींच्या तोंडी हल्ली 'ओप्पा' हा शब्द असतो. ओप्पा म्हणजे दादा. पण ही हाक फक्त बहिणीने मारायची! मुलगा थोरल्या भावाला 'ह्यंग' म्हणतो. ताईचेही तसेच. मुलगी तिला 'ऑन्नी' म्हणते, मुलगा 'नुना'. म्हणजे नुसती हाक ऐकून ती मुलाने मारली की मुलीने, हे कळते. धाकट्या भावंडाला मात्र दोघांचाही एकच शब्द, 'तोंगसेंग', आणि त्याला हाक मारायची ती नावानेच. (उच्चार देवनागरीत जमतील तसे दिले आहेत.)

पुढची नाती मराठी घरातल्या मुलांना जड जाऊ नयेत. 'कोमो' म्हणजे आत्या, 'इमो' म्हणजे मावशी. वडिलांच्या थोरल्या भावाला शब्दशः 'मोठे वडील' म्हणतात आणि लग्न झालेल्या धाकट्याला 'लहान वडील'. अविवाहित काका 'साम्छोन', तर मामा 'वेसाम्छोन'. ज्यांनी सगळ्यांनाच 'अंकल-आंटी' करून टाकले आहे, त्यांना आधी काका-मामा शिकावे लागतील, मग कोरियन! गंमत म्हणजे तेथे खानावळीत वाढणाऱ्या अनोळखी बाईलाही 'इमो' म्हणतात, आपण 'मावशी' म्हणतो तसेच. आत्याला हा मान दोन्हीकडे नाही. का, ते पालकांनी ठरवावे.

'साम्छोन'मधला 'साम' म्हणजे तीन. आपल्यापासून वडील ही पहिली पायरी, आजोबा दुसरी, आजोबांचा मुलगा तिसरी. म्हणून चुलत, आते, मामे, मावस अशी सारी भावंडे बोलताना 'साछोन', म्हणजे चौथ्या पायरीची. दक्षिण कोरियाच्या कायद्यानुसार ८ पायऱ्यांच्या आतील रक्ताच्या नात्यात विवाह करता येत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडील काही समाजांतली चाल तेथे चालायची नाही.

मामाच्या शब्दातील 'वे' म्हणजे बाहेरचा. आईची आईसुद्धा 'वे' लावूनच आजी होते. मराठीत दोन्हीकडच्या आज्या आजीच. उलट आजोळचे कौतुक जरा जास्तच. कोरियातही हा भेद लोकांना खटकू लागला आणि २०२० मध्ये तेथील राष्ट्रीय भाषा संस्थेने दोन्हीकडच्या आजी-आजोबांना सारखेच संबोधावे असे सुचवले. सासरचे शब्द तर आणखी बोचतात. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीला 'आगाश्शी' असे मानाने म्हणायचे, बायकोच्या धाकट्या बहिणीला मात्र साधे 'छोजे'. ज्या आज्यांनी लहान नणंदेलाही 'वन्सं' म्हटले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.