छप्पन्न दिवसांचे माहेर



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या याविषयी लिहितो. या खेपेस विषय घरचा आहे, पण तो तुमच्याही घरी उद्या येऊ शकतो. शिवाय तो आपल्या उसाच्या फडापर्यंत कसा जाऊन पोचला, तेही सांगायचे आहे.

२०१३-१४ चा गळीत हंगाम. डिसेंबरचे दिवस, तोडणीचे कार्यक्रम लागलेले आणि सभासदांचे फोन सारखे चालू. आमच्या घरी सौ.ला सातवा महिना लागला होता. एके दिवशी पहाटे ती उठली आणि म्हणाली, "अहो, लाल जातंय. पण दुखत काहीच नाही." दुखत नाही म्हटल्यावर आमच्या आईला वाटले, थोडी विश्रांती घेतली म्हणजे थांबेल. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असे लिहिले होते, ते आठवले आणि कारखान्याची जीप मागवली. १०८ ची गाडी तेव्हा आपल्याकडे नव्हती. ती राज्यात सुरू झाली जानेवारी २०१४ मध्ये. बावीस किलोमीटर रस्ता, समोरून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. त्या दिवशी तो रस्ता मला शंभर किलोमीटरचा वाटला.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तपासले आणि समजावून सांगितले. बाळाला रक्त आणि पोषण पुरवणारी वार एरवी गर्भाशयात वरच्या बाजूला असते. हिची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावरच होती. अशी वार पुष्कळ जणींची दिवस भरतील तशी वर सरकते. काहींची सरकत नाही. मग केव्हाही रक्त जाऊ शकते, तेही वेदना न होता, आणि थोड्या वेळात पुष्कळ जाऊ शकते. अठ्ठाविसावा आठवडा चालू होता. बाळाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून बारा-बारा तासांनी चार इंजेक्शने द्यायची ठरली, आणि मुक्काम किती, तर बाळंतपण होईपर्यंत!

पहिले चार दिवस सौ. नुसती रडत होती. मी सकाळी डबा देऊन कामावर येई आणि रात्री पुन्हा जाई. आई घरी थोरल्या मुलाजवळ. दिवसभर तिच्याजवळ कोण? तर सिस्टर.

कारखान्याप्रमाणे वॉर्डातही तीन पाळ्या. सकाळच्या मोठ्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या, बोलणे करडे. दुपारच्या सिस्टर केरळच्या, मराठी तोडकी, पण बोलणे गोड. रात्रीच्या सिस्टर आपल्याच भागातल्या, घरी दोन लहान मुले. रात्री एवढ्या मोठ्या वॉर्डाला एकट्या त्या आणि मदतीला एक मावशी. रक्तदाब, बाळाचे ठोके, किती रक्त गेले ते पाहायला पॅड जपून ठेवायचे, गोळ्या, सलाइन आणि वर सगळे कागदावर लिहायचे. आपल्याकडे फडातून गाडी हलली की स्लिप लागते. इथे प्रत्येक गोष्टीची स्लिप!

पाचव्या दिवशी मोठ्या सिस्टर सौ.ला म्हणाल्या, "रडून रक्त वाढत नाही. काय येतं तुला?" ती म्हणाली, "गोधडी शिवता येते." दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी घरून जुनी लुगडी आणली. पडल्या पडल्या, उशीला टेकून सौ. टाके घालू लागली. त्या गोधडीपायी वॉर्डभर तिची ओळख झाली. केरळच्या सिस्टरांना ती मराठी शब्द शिकवी. त्यांनी तिला बाळाची हालचाल मोजायला शिकवले. जेवण झाले की कुशीवर पडायचे, घड्याळ पाहायचे, दोन तासांत दहा वेळा तरी बाळ हलले पाहिजे, नाहीतर लगेच हाक मारायची. रात्रीच्या सिस्टर आपल्या मुलाची गणिताची वही घेऊन येत आणि पहाटे उसंत मिळाली की सौ.ला दाखवत. हळूहळू माझ्या लक्षात आले, की मी गेल्यावर ही आधी घरची चौकशी करत नाही. "आज सिस्टरांच्या मुलाचा पेपर होता," हे आधी सांगते.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या आठवड्यात रक्त जाणे पूर्ण थांबले होते. हंगाम ऐन भरात. घरी आईची ओढाताण, सासुरवाडीहून निरोप की डोहाळजेवण घरी करू, मग पाहू. मी मोठ्या सिस्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "आता बरी आहे, घरी नेतो. सही कुठे करायची ते सांगा."

त्यांनी कागद दिला नाही. म्हणाल्या, "साहेब, रक्त थांबलंय, वार जागची हललेली नाही. तुमचं गाव किती लांब?"

"बावीस किलोमीटर."

"रात्री दोन वाजता सुरू झालं तर किती वेळात आणाल?"

मी उत्तर दिले नाही. बैलगाड्यांची रांग माझ्या डोळ्यांपुढे होती. मग त्या म्हणाल्या, "ओटी आम्ही भरू. तुम्ही रक्त देणारी चार माणसं पाठवा." शेतकी खात्यातले दोघे, एक फिटर आणि आमच्या गटाचा स्लिपबॉय असे चौघे येऊन रक्त देऊन गेले. प्रत्येकी ३५० मिलिलिटर. अर्ध्या तासाचे काम, वर चहा-बिस्कीट.

शब्दाप्रमाणे त्यांनी ओटीही भरली. हिरव्या बांगड्या, पाच फळे, मावशींनी आणलेला गजरा. ओटी दोघींची भरली. शेजारच्या खाटेवर बीडकडची एक बाई होती, ऊसतोडणीला आलेली. आठवा महिना आणि अंगात रक्त साडेसहा. गरोदरपणात अकराच्या खाली गेले की कमी समजतात, सातच्या खाली म्हणजे फारच कमी. ती पहाटेपासून मोळ्या डोक्यावर वाहत होती. चक्कर येऊन पडली म्हणून नवऱ्याने आणले. तिलाही घरी, म्हणजे पालावर, जायची घाई होती. उचल फिटायची राहिली होती, आणि कोयता बंद म्हणजे खाडा.

मोठ्या सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कारखान्याचे ना? मग हिच्या मुकादमाला सांगणार कोण, मी?"

मी खाली पाहिले. त्या हंगामात आमच्या गटातल्या टोळ्यांची नोंद माझ्या वहीत होती. कोयते किती, गाड्या किती, रोजचे टनेज किती. त्यांत गरोदर बाया किती, हा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मुकादमाला ऑफिसवर बोलावले. दोन तास घासाघीस झाली आणि तिचा खाडा धरायचा नाही असे ठरले. ती अठरा दिवस वॉर्डात राहिली. शिरेतून लोहाची इंजेक्शने आणि एक बाटली रक्त दिले. तिला मुलगा झाला. पुढच्या वर्षी ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली, त्यामुळे तिची पुन्हा भेट नाही. सौ.ने शिवलेली गोधडी तिच्याच बाळाबरोबर गेली.

बत्तिसाव्या आठवड्यात, रात्री सव्वादोन वाजता, सौ.ला पुन्हा रक्त जाऊ लागले. मी घरी झोपलो होतो. रात्रीच्या सिस्टरांनी मावशींना डॉक्टरांकडे धाडले, स्वतः दोन्ही हातांना सुया लावल्या, रक्तपेढीला फोन केला. मी पोचलो तेव्हा रक्ताची दुसरी पिशवी चालू होती आणि सिस्टर तिचा हात धरून बसल्या होत्या. त्यांची साडी रक्ताने भरलेली. मला म्हणाल्या, "थांबलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत. तुम्ही आधी पाणी प्या." मी सही करून तिला घरी नेले असते, तर त्या वेळी आम्ही बावीस किलोमीटरच्या रस्त्यावर असतो. एवढेच लिहितो.

छत्तिसाव्या आठवड्यात ऑपरेशन करून मुलगी झाली. वजन २ किलो ३०० ग्रॅम. केरळच्या सिस्टर पाळी संपूनही थांबल्या होत्या. बाळ आधी त्यांनी मला दाखवले आणि मग मराठीत म्हणाल्या, "लेक आली हो साहेब." हे वाक्य सौ.नेच त्यांना शिकवून ठेवले होते.

निघताना मी पाकीट पुढे केले. मोठ्या सिस्टरांनी ते परत केले. "पेढे आणा, सगळ्या वॉर्डाला वाटा." बसमध्ये सौ. रडली. मुक्कामाच्या पहिल्या चार दिवसांतले रडणे आणि हे रडणे यांत फरक होता. माहेरहून निघताना लेक रडते, तसे हे होते. आजही संक्रांतीला ती काकवी आणि तिळगूळ घेऊन त्या वॉर्डात जाते. मोठ्या सिस्टर आता निवृत्त आहेत, त्यांच्या घरी जाते.

सभासद बंधूंनो, आपल्या सुनेला, लेकीला गरोदरपणात रक्त गेले, तर दुखत नाही म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, ही सेवा मोफत आहे. डॉक्टर-सिस्टर 'राहा' म्हणाले तर हंगामाचे कारण सांगून घरी आणू नका. रक्त लागण्याआधी रक्त देणारे तयार ठेवा. सिस्टरला नावाने, आदराने हाक मारा, आणि "आमच्या पेशंटकडे कोणी बघत नाही" असे ओरडण्याआधी तिच्याकडे किती खाटा आहेत ते मोजा.

आणि आपल्या फडात तोडणीला येणाऱ्या टोळीत कोणी दिवसांत असेल, तर गटऑफिसला कळवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ती २०१६ पासून चालू आहे. तेवढा एक दिवस त्या बाईला मोळी उचलू देऊ नका, दवाखान्यात पाठवा. खाड्याचे मुकादमाशी आम्ही बोलू. माझ्या वहीत आता तो रकाना आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग