संत्र्याचा रस आणि परवलीचा शब्द

पूर्वी किल्ल्याचा दरवाजा उघडण्याआधी पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. आज तेच काम सर्व्हर नावाचा संगणक करतो. नंदनवनमधील एखादी विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज भरताना आपला पासवर्ड टंकते आणि दूरवरचा सर्व्हर तिला ओळखतो. म्हणजे तो शब्द त्याच्याजवळ लिहिलेला असणारच, असे तुम्ही म्हणाल. पण चांगल्या सर्व्हरजवळ तो नसतोच! मग ओळख पटते कशी?

नागपुरी संत्र्याचा रस काढणे सोपे; रसापासून पुन्हा संत्रे बनविणे अशक्य. गणितातही अशा एकाच दिशेने सहज जाणाऱ्या क्रिया आहेत. ७३५२ चा वर्ग ५४०५१९०४. त्यातील मधले चार अंक ०५१९. आता नुसत्या ०५१९ वरून मूळ संख्या सांगा पाहू! सर्व्हर असाच, पण कितीतरी अधिक गुंतागुंतीचा 'रस' जपून ठेवतो. त्याला 'हॅश' म्हणतात. शब्द टंकला की तो पुन्हा हॅश काढतो व जुन्याशी ताडून पाहतो. जुळला, तर दार उघडते.

मग हॅशची यादी चोरीस गेली तरी भीती नाही ना? आहे! चोर शब्दकोशातील एकेका शब्दाचा हॅश काढून यादीशी ताडतो. शिवाय दोघांचा शब्द एकच असला, तर हॅशही एकच; एक सापडला की दुसराही सापडला.

यावरचा उपाय रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली आपल्या निबंधात मांडला. हॅश काढण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात वेगळी, कशीही निवडलेली भर घालायची. तिचे नाव 'सॉल्ट', म्हणजे मीठ! त्यांच्या युनिक्स प्रणालीत हे मीठ ४,०९६ प्रकारचे होते. आता शब्द तोच असला, तरी मीठ वेगळे म्हणून हॅशही वेगळा. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश चोरांनी उघड केले. त्यांत मीठ नव्हते; त्यामुळे पुष्कळ शब्द झटपट उलगडले.

दुसरा उपाय म्हणजे हॅशची क्रिया मुद्दाम संथ करणे. १९९९ सालची 'बीक्रिप्ट' ही पद्धत अशीच आहे. एका हॅशला दशांश सेकंद लागला, तर आपल्याला ते जाणवतही नाही. पण एक कोटी शब्द तपासायला चोराच्या एका संगणकाला साडेअकरा दिवस लागतील!

अर्थात शब्दच '१२३४५६' असेल, तर मीठ तरी काय करणार? म्हणून शब्द लांब घ्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा.