“घरी सगळे बरे ना?” – थंडीत एवढे विचारून भागत नाही

डिसेंबर लागला की व्हॉट्सॲपच्या गटावरच्या गप्पांचे तीन विषय ठरलेले असतात. राजकारण, थंडी आणि घरच्यांची तब्येत. हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचे दोस्त घ्या (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव वेगळे, ते साताऱ्याकडचे). एक गावातच शेती बघतो, एक पुण्याला कंपनीत, एक मुंबईला, एखादा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर, कोपीत. सकाळी सगळ्यांचा जय भीम होतो. मग कोण निवडून येणार, कोणी कोणत्या पक्षात उडी मारली, यावर रात्री बारापर्यंत चालते. मध्येच कोणी लिहितो, “लई थंडी हाय गावाकडं भाऊ.” दुसरा विचारतो, “घरी सगळे बरे ना?” उत्तर येते, “हो, बरे हायत.” आणि गाडी पुन्हा उमेदवारावर.

त्या मधल्या दोन ओळींबद्दल आम्हाला बोलायचे आहे. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, निकाल २३ ला लागला. कोणत्या बूथवर किती मते पडली हे आपल्या पोरांना आजही तोंडपाठ आहे. पण त्याच नोव्हेंबरात आपल्या आईचा बीपी किती होता, हे विचारले तर दहातले नऊ जण गप्प बसतील. राजकारणावर बोलू नका असे आम्ही म्हणत नाही, बोललेच पाहिजे. पण बूथची चौकशी जशी आकड्यासकट करता, तशीच घरची करा.

आपल्याकडची थंडी किरकोळ नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण थंडीची बातमी अजून परभणीचीच येते. तिथल्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याचीही नोंद आहे. पत्र्याचे घर दिवसा तापते आणि रात्री तेवढ्याच लवकर गार पडते, म्हणून वस्तीतल्या घरात पहाटेची थंडी जास्त बोचते.

थंडीत अंगातली उष्णता राखण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. वाट अरुंद झाली की रक्त ढकलायला हृदयाला जोर लागतो आणि बीपी चढतो. त्यात तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसे पाणी कमी पितात. हृदयविकाराचा झटका आणि लकवा यांचे रुग्ण हिवाळ्यात वाढतात ते यामुळे. उन्हाळ्यात नेमका बसलेला गोळीचा डोस थंडीत कमी पडू शकतो. म्हणून “गोळ्या चालू आहेत ना?” यापेक्षा “शेवटचा बीपी कधी मोजला, किती भरला?” हे विचारा. घेतलेल्या नोंदी सतत १४०/९० किंवा त्याच्या वर येत असतील तर डॉक्टरांना दाखवायचे. डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही आणि बरे वाटते म्हणून गोळी सोडायची तर मुळीच नाही. तीस वर्षांच्या पुढच्या कुणाचाही बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताईंना विचारले तर तपासणीचा दिवस कळतो.

याच दिवसांत आपला प्रवासही असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी छत्रपती संभाजीनगर. रात्रीची गाडी, उघडा टेम्पो, नाहीतर फलाटावर काढलेली रात्र. आजी-आजोबांना घेऊन जाताना कानटोपी आणि घोंगडी आपण घेतो, गोळ्या मात्र घरी विसरतात. चार दिवसांच्या गोळ्या त्यांच्याच खिशात असू द्या, पिशवी गर्दीत हरवते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळले, यातले एक जरी अचानक दिसले तरी तो लकवा समजायचा आणि १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून हात-पाय चोळत किंवा मांत्रिकाची वाट बघत बसायचे नाही. तो त्रास कधी सुरू झाला ती वेळही लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

गटावर एक संदेश दरवर्षी फिरतो: छातीत दुखायला लागले की जोरजोरात खोका, झटका टळतो. हे खोटे आहे. खोकण्यात जी दहा मिनिटे जातात ती गाडी बोलावायची असतात. उशाशी कांदा ठेवल्याने सर्दी जाते हा त्याचाच भाऊ. पण त्याने फार तर घरात वास येतो.

आता शेगडीचे. निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले खोलीत घेऊन, दार लावून, फटीत गोधडी कोंबून झोपणे हा हिवाळ्यातला सगळ्यात गुपचूप जीव घेणारा प्रकार आहे. निखारे अर्धवट जळतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि गुंगीतला माणूस उठून दार उघडू शकत नाही. धूर निवला म्हणजे धोका गेला असे अनेकांना वाटते. उलट लाल निखारा धूर करत नाही तेव्हाच माणूस निर्धास्त होऊन झोपतो. ऊसतोडीच्या कोपीत लेकरांसाठी आत विस्तव ठेवतात, तिथेही हेच. शेकायचे ते बाहेर, अंगणात, आणि झोपण्याआधी शेगडी घराबाहेर. एकाच घरातल्या दोघा-तिघांचे डोके सकाळी एकदम दुखत असेल तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना. पुण्यातल्या मुलाने गावातल्या दोस्ताला एवढेच लिहावे: “रात्री जाताना बघ रे, बाबांनी शेगडी आत घेतली का.”

लहान लेकरांबद्दल “सर्दी-खोकला आहे” एवढ्यावर आपण थांबतो. विचारायचे ते श्वासाचे. लेकरू शांत असताना, रडत नसताना, पोट किंवा छाती पूर्ण एक मिनिट बघत श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास होत असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू दूध ओढत नसेल, झटके येत असतील किंवा ते सुस्त पडले असेल तर मोजत बसू नका, निघा. बाप लांब असेल तर गावातून एक मिनिटाचा व्हिडिओ मागवता येतो. फोनचा असा उपयोग आम्हाला भाषणाच्या क्लिपपेक्षा मोलाचा वाटतो, मात्र व्हिडिओ बघून दवाखाना टाळायचा नाही. चमचाभर ब्रँडी, नाकात तेल, पोटाला डागणी, वर्षाच्या आतल्या बाळाला मध, हे सगळे बंद. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत. तान्ह्या बाळाला टोपी, पायमोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग, वरून पांघरूण. याहून चांगली शेगडी नाही. न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात फुकट आहे, कार्डावर तिच्यापुढे तारीख पडली का ते बघा.

एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवायची आहे. थंडी वाढली की एखादे पोर हातपाय, सांधे, पाठ दुखते म्हणून रात्र-रात्र रडते. घरचे म्हणतात, वाढीचे दुखणे असेल, गारठ्याने असेल. ते सिकलसेलही असू शकते. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. गारठा, ताप आणि पाणी कमी पडणे यांनी ते अडकणे वाढते. आदिवासींमध्ये आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो, आणि हिंगोलीच्या सोयरिकी वाशीम-यवतमाळकडे सर्रास होतात. दर हिवाळ्यात असे दुखणे, डोळे पिवळे, सारखे रक्त कमी, असे असेल तर तपासणी मागा. आधी एक साधी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. रुग्णाला गरम कपडे, भरपूर कोमट पाणी आणि डॉक्टरांची नियमित औषधे लागतात. ज्याच्या रक्तात एकच दोष आहे त्या वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रोगी बाळाची. लग्नाची बोलणी चालू असताना गटावर मुलाचा पगार आणि शेती विचारतात. तिथेच सिकलसेलचे कार्डही मागावे, त्यात लाज कसली?

राहिले राजकारण. रात्री बारापर्यंत भांडून पहाटे गार पाण्याने तोंड धुऊन कामाला पळणाऱ्याचा बीपीही तपासायला हवा, तो चाळिशीचा असला तरी. आणि जोर लावायचाच तर गावाच्या प्रश्नावर लावा. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते, तिला निधीही येतो. त्याचा हिशेब विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात की आठवड्याच्या? नर्सताईंची जागा भरलेली आहे का? रात्री १०८ ची गाडी कुठून येते, किती वेळात येते? पुण्या-मुंबईच्या दोस्तांना ग्रामसभेला येता येत नाही. पण हे प्रश्न गटावर लिहून, गावातल्या कुणाच्या तरी हातात कागद देऊन, ते २६ तारखेच्या आत सरपंचापर्यंत नक्की पोचवता येतात.